वाचलं की ओळखलं?

इंदू, वाद अर्ध्यावर टाकून निघून जायची तुझी जुनी खोड. शाळा सुटली की चिक्कडपल्लीच्या बाजारातून आपण बरोबर चालायचो. माझी वाट जिथं हिमायतनगरकडे वळते, त्या कोपऱ्यावर नेमका तुला तुझा सगळ्यांत जोरकस मुद्दा सुचायचा. तो माझ्या अंगावर टाकून तू चालू लागायचीस. "उद्या उत्तर दे," एवढं मान न वळवता म्हणायचीस. मी भाकऱ्या थापताना उत्तर जुळवायचे, आणि दुसऱ्या दिवशी तू भलताच विषय काढायचीस. या वेळीही तेच केलंस. शनिवारी कोपऱ्यावर "उद्या" म्हणालीस. उद्या रविवार आहे हेही तुझ्या ध्यानात नव्हतं. रविवारी तुला ताप भरला, आणि पुढचा रविवार यायच्या आत सगळं आटोपलं.

तुझे दिवस झाले. तुझ्या भावानं औरंगाबादहून येऊन सगळं नीट केलं, कशात कमी पडू दिलं नाही. शाळेत सभा झाली. तिथं कुणीतरी तुला "मुलांची दुसरी आई" म्हटलं. मला शेजारी तुझी कोपरखळी बसल्यासारखी वाटली. "आई त्यांना घरी आहे गं, मी बाई होते," असं तू तिथल्या तिथं म्हणाली असतीस. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठले नाही. तुझ्याबद्दल मला जे बोलायचं आहे ते तुझ्याशीच बोलायचं आहे. आणि मला एक गोष्ट ठरवायची आहे, जी तुझ्याशी भांडल्याशिवाय ठरत नाही.

सभा संपल्यावर हेडमास्तरांनी मला थांबवून घेतलं.

"वत्सलाबाई, तिसरीचं मी बघतो. सोमवारपासून पहिली तुमच्याकडे."

मी बरं म्हटलं.

"आणि ते वाक्यांचं प्रकरण आता पुरे. इंदूताई होत्या तोवर चाललं. सरळ बाराखडी सुरू करा. पालकांची तोंडं बंद होतील."

वर्षानुवर्षं मी तुला हेच सांगत आले. आधी अक्षर, मग शब्द, मग वाक्य. घर पायापासून बांधतात, कळसापासून नाही. तू म्हणायचीस, मूल म्हणजे घर नव्हे. ते बोलायला शिकलं तेव्हा आधी 'आ' आणि मग 'ई' असं शिकलं का? जूनपासून तू पहिलीच्या मुलांना एकही सुटं अक्षर दाखवलं नव्हतंस. रोज सकाळी मुलांनी काही सांगायचं, त्यातलं एक वाक्य तू फळ्यावर लिहायचीस, सगळ्यांनी ते वाचायचं. अक्षरं दिवाळीनंतर, त्याच वाक्यांतून फोडून काढायची. आता श्रावण चालू आहे. मुलं नदीच्या मधोमध आहेत आणि नाव वल्हवणारी उठून गेली. या काठाला आणू की त्या काठाला नेऊ, हे आता मी ठरवायचं. आणि हेडमास्तर माझ्याच बाजूनं कौल देऊन मोकळे. वाद जिंकायची ही काय रीत झाली, इंदू?

चुकून चाललं असतं असे दिवसही हे नाहीत. भाषांवरून राज्याची वाटणी झाली, हे शहर तेलुगूकडे राहिलं आणि आपले मराठी जिल्हे तिकडच्या राज्यात गेले. त्यांच्यामागून माणसं जातायत. आज या कचेरीतला कारकून, उद्या त्या कोर्टातला वकील. काचीगुड्याच्या स्टेशनावर दर आठवड्याला कुणाला ना कुणाला पोचवायला जावं लागतं. आपली पहिली आधीच विरळ झाली आहे. आणखी पाच-सहा मुलं गेली तर तो वर्ग उघडा ठेवायचं कारण उरणार नाही, हे हेडमास्तर स्पष्ट बोलले. पहिली बंद पडली की दुसरी, मग माझी तिसरी, ओळीनं बंद पडतात. त्याला कुणाचा हुकूम लागत नाही.

आणि जाणारे सगळे औरंगाबादलाच जातात असंही नाही. तुझ्या वर्गातली पुष्पा, ती पुढच्या बाकावर बसणारी, दोन वेण्यांतली एक कायम सुटलेली, तिचे वडील सभेनंतर फाटकाशी थांबले होते. धान्याचा व्यापार आहे, माणूस सरळ आहे.

"बाई, तुमी जुन्या आहात म्हणून पुसतो. पोरगी फळ्यावरचं घडाघडा वाचतीय म्हणत्यात. घरी मी पाटीवर 'क' काढून दावला, तर माझ्याच तोंडाकडं बघतीय. ही कसली पढाई?"

"वाक्यातून अक्षरं निघतात पुढे," मी म्हटलं. तुझं वाक्य माझ्या तोंडून निघालं, याची मला चीड आली.

"कवा निघत्यात? नाही तर तेलुगूच्या शाळेत घालतो की. राज्य आता तेलुगूचं. तिथं अ-आ पासून धरून शिकवत्यात. हौ की नाही?"

"दिवाळीपर्यंत थांबा."

"थांबतो. पन शिकवनारी तर गेली, आता कोण काढनार अक्षरं?" असं म्हणून ते गेले. मलाही तेच विचारायचं होतं.

तुला आठवतं, हा वाद सुरू कुठं झाला ते? ट्रेनिंगला. आपण दोघी मागच्या बाकावर, आणि पुढे उस्ताद उर्दूतून वाचन शिकवण्याची तत्त्वं सांगत होते. मराठी शिकवायची, पण ती कशी शिकवायची हे उर्दूत शिकायचं, असा तो जमाना. त्यांनी 'जुमला' म्हटलं की आपण वहीत 'वाक्य' लिहायचं. मधल्या सुट्टीत तू मला पकडलंस.

"वत्से, उर्दू वाचताना जेर-जबर कुठं छापलेले असतात? ऱ्हस्व स्वर गाळूनच छापतात ना? मग तू वाचतेस कशी?"

"सवयीनं."

"सवयीनं नाही. शब्द ओळखीचा असतो म्हणून. अनोळखी शब्द आला की अडतेसच. म्हणजे तू अक्षरं वाचत नाहीस, शब्द ओळखतेस."

"मराठी म्हणजे उर्दू नव्हे," मी म्हटलं. "आपल्याकडे लिहिलंय तेच वाचायचं. काना-मात्रा सगळं समोर उभं असतं. इतकी शहाणी लिपी हातात असताना मुलांना अंदाज करायला का लावायचं?"

तू हसलीस आणि शेंगदाणे तोंडात टाकलेस. ते उत्तर मला अजूनही पक्कं वाटतं. पण तुझ्या प्रश्नानंही मला त्यानंतर कधी पुरतं सोडलं नाही. उर्दू पेपर हातात घेतला की मी स्वतःकडेच बघत बसते, मी हे वाचतेय की ओळखतेय. इतक्या वर्षांची सवय होती, तू त्यात खडा टाकलास.

मग ते जामाचं प्रकरण. पुण्याहून चित्रांच्या पट्ट्या मागवल्या होत्यास तू, केवढ्या हौसेनं. वर चित्र, खाली शब्द. मी खडू मागायला तुझ्या वर्गात आले, तेव्हा तू पेरूची पट्टी धरून उभी होतीस आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडत होता, "जाम!"

तू चित्र हातानं झाकलंस. खाली ठळक 'पेरू'. "आता वाचा."

"जाम!"

मी दारातूनच म्हटलं, "अरे, हा पेरू आहे."

एक पोरगा उठला. "पेरू म्हणजे काय, बाई?"

"पेरू म्हणजे जाम."

"मग जामच म्हना की!"

वर्ग हसला, तूही हसलीस. मला हसू आलं नाही. डोळ्यांसमोर 'प' असताना मूल 'ज' म्हणतंय, आणि बाई खूश. दुसऱ्या दिवशी तू त्या पट्टीवर कागद चिकटवून स्वतःच्या हातानं 'जाम' लिहिलंस. कांद्यावर 'प्याज' लिहायलाही निघाली होतीस, तेवढं मी होऊ दिलं नाही.

"उद्या पुस्तकात पेरू येईल तेव्हा ही मुलं काय करतील?" मी कोपऱ्यापर्यंत तुझ्याशी भांडत आले.

"तेव्हा त्यांना वाचता येत असेल. मग पेरू काय आणि फणस काय."

"आणि मराठीचं काय? आपण इथं जाम-जाम करत बसायचं आणि तिकडची मुलं पेरू खाणार?"

"मराठीत घरी बोलतात ना? तीच फळ्यावर येऊ दे आधी. पुण्याची नंतर बोलावू पाहुणी म्हणून."

त्यानंतर दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तू मीठ-तिखट लावून फोडी आणल्यास. "घे गं, पेरू खा," म्हणालीस, अगदी पुणेरी तोंड करून. मी एक फोड उचलली आणि म्हटलं, "कच्चं आहे हे जाम." तू एवढी हसलीस की फरशीवर तिखट सांडलं. चाळीस वर्षं ज्या घरात मी त्याला जाम म्हणत आले, त्या घराची साक्ष तू माझ्याच तोंडून काढून घेतलीस. मी तरीही हरले नव्हते, हे इथं नमूद करते. मुलांनी काय बोलावं आणि 'प' ला काय म्हणावं हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

नामपल्लीच्या नुमाइशीत, त्या मोठ्या प्रदर्शनातसुद्धा तेच. आपण मुलांना घेऊन गेलो होतो. चोहीकडे उर्दू, तेलुगू आणि इंग्रजी पाट्या. तू मुलांना सांगितलंस, आपली अक्षरं कुठं दिसतात ते शोधा. एका पोरीनं नळाशेजारची पाटी शोधली. 'पीने का पानी' असं हिंदीत लिहिलेलं. तिनं बोट ठेवून थाटात वाचलं, "पिण्याचं पाणी."

तू तिला उचलून घेतलंस. मी तुला बाजूला घेतलं.

"हे वाचलं की ओळखलं? त्या पाटीवर 'ण' तरी आहे का?"

"पाणी प्यायला मिळालं की नाही तिला?" तू म्हणालीस. "पाटी त्याचसाठी लावतात."

अशा उत्तराला माणूस काय करणार? चिडलेच मी. तुझ्या वर्गातून आलेली मुलं तिसरीत माझ्या हाती यायची. पुस्तक द्यावं तर भराभर वाचायची, गोष्ट सांग म्हटलं तर रंगवून सांगायची, आणि लिहायला बसवलं की 'दिवस'चा 'दीवस' आणि 'पाणी'चं 'पानि'. ती सारी उस्तवार मी केली, वर्षानुवर्षं. तू गोड घास भरवायचीस, खरकटं माझ्याकडे. हे मी तुला तोंडावर सांगितलं आहे, त्यामुळे आज सांगायला संकोच नाही. पण दुसरीही गोष्ट आहे, ती मात्र सांगायची राहिली. दुसऱ्या शाळांतून नाव काढून जी मुलं माझ्याकडे येत, पाठ बाराखडीवाली, ती 'क-म-ळ, कमळ' असं सुरात म्हणत आणि ओळ संपली की सुटकेचा श्वास टाकत. तुझी मुलं ओळ संपली की पान उलटत. मधल्या सुट्टीत कपाटातून पुस्तक मागायला माझ्याकडे यायची ती तुझीच. मी पुस्तक द्यायचे आणि वर "हात धुऊन ये" म्हणायचे. कुणाची मुलं मागतात हे मला ठाऊक होतं. तुला सांगितलं असतं तर तू महिनाभर मिरवलं असतंस, म्हणून सांगितलं नाही.

वाटणीच्या वेळी तुझ्या भावानं तुला औरंगाबादला बोलावलं. शाळेत जागा बघून ठेवली होती. तू गेली नाहीस. मी विचारलं, "का गं?" तर म्हणालीस, "तिथं माझ्याशी भांडायला कोण आहे?" मी म्हटलं, "तू जिथं जाशील तिथं तयार होतील." आपण दोघी हसलो आणि विषय संपला. आम्ही राहिलो ते यांच्या नोकरीमुळे, असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते खरं आहे. पण यांनी एकदा पेपर खाली ठेवून मला विचारलं होतं, "तुझं काय म्हणणं? जायचं का?" तेव्हा मी आधी तुझा विचार केला आणि मग म्हटलं, "इथं काय वाईट आहे?" हेही तुला सांगितलेलं नाही. सांगायची वेळ आली नाही असं नव्हे. रोज कोपऱ्यापर्यंत वेळच होता. आपल्याला भांडणातच इतकं बरं वाटायचं की दुसरं काही बोलायची गरज पडली नाही.

असो. सोमवारचं सांगते.

बाराखडीचा तक्ता घेऊन मी तुझ्या वर्गात गेले. ठरवून गेले होते. हेडमास्तरांचा शब्द, पुष्पाच्या वडिलांचा प्रश्न आणि माझी इतक्या वर्षांची खात्री, तिन्ही एका बाजूला. तक्ता खिळ्याला अडकवला आणि 'अ' वर छडी ठेवली. मग पुष्पा उभी राहिली.

"बाई, पहिले वाक्य राहतं."

"आज नक्को," मी म्हटलं.

"रोज राहतं. इंदूबाई रोज लिहितात."

"हौ बाई, रोज," मागून आणखी दोघं.

मला वाटलं, एक दिवस लिहावं, मग मोडता येईल. "बरं, सांगा. काय लिहू?"

"इंदूबाई गेल्या," पुष्पा म्हणाली.

या लेकरांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, हे मला तेव्हा उमगलं. सभेच्या दिवशी पहिलीला घरी पाठवलं होतं. घराघरांतून मोठी माणसं "बाई गेल्या, बाई गेल्या" एवढंच बोलली असणार. मी खडू घेतला आणि लिहिलं, 'इंदूबाई गेल्या.' सगळ्यांनी एकदम वाचलं, कुठंही न अडखळता. वाचतीलच. 'सुधाचे काका नांदेडला गेले', 'शेजारच्या आजी परभणीला गेल्या', अशी वाक्यं तुझ्या फळ्यावर यंदा आठवड्यातून दोनदा तरी लिहिली गेली असतील. तुझ्या वर्गात याच्याइतका ओळखीचा शब्द दुसरा नाही.

"कुठं गेल्या ते लिवा," मागचा एक पोरगा म्हणाला. "औरंगाबादला."

"हौ, औरंगाबादला! तिथं त्यांचा भाऊ राहतो."

इंदू, अक्षरं तीच होती. ग ला मात्रा, ल्या. माझ्या पद्धतीनं वाचलं तरी तेच, तुझ्या पद्धतीनं वाचलं तरी तेच, आणि वर्ग भलतंच वाचत होता. तोंडानं सांगवेना. मग मी खाली दुसरं वाक्य लिहिलं, 'इंदूबाई वारल्या.'

हा शब्द तू फळ्यावर कधी आणला नसणार. ज्याचा अर्थ मुलांना ठाऊक नाही ते लिहायचं नाही, असा तुझा नियम. मी तो मोडला. वर्ग थांबला. 'इंदूबाई' म्हटलं सगळ्यांनी, पुढे कुणालाच जाता येईना. पुष्पा बाकावरून उठून फळ्यापाशी आली. तिनं बोट ठेवलं.

"हा 'वाटी'चा वा." मग थोडं थांबून, "हा 'घर'चा र." मग तिनं वरच्या ओळीकडे पाहिलं, खालच्या ओळीकडे पाहिलं. "आणि हा 'गेल्या'चा ल्या. वा-र-ल्या. वारल्या!"

कुणी तिला फोडायला शिकवलं नव्हतं. तू दिवाळीनंतर शिकवणार होतीस, मी आज 'अ' पासून शिकवणार होते. ती वळून माझ्याकडे बघत होती, बरोबर आलं का म्हणून. बरोबर आलं होतं. तिनं पुढे विचारलं, "वारल्या म्हणजे काय, बाई?"

आता बघ. तिनं ओळखलं नव्हतं, वाचलं होतं, शुद्ध वाचलं होतं, आणि अर्थ एका अक्षराचाही लागला नव्हता. मी म्हणते ते वाचन हेच. तिथं पुढचं मलाच सांगावं लागलं, आणि त्याला माझ्याकडे तक्ता नव्हता.

"मेल्या," मी म्हटलं. "आजारी पडल्या आणि मेल्या. आता येणार नाहीत."

"आमचे ताता मेले तसं?" मागचा पोरगा.

"तसंच, तुझ्या आजोबांसारखं."

मग पुष्पा म्हणाली, "मग वरचं चूक?"

"नाही. दोन्ही बरोबर आहेत."

ते तिला पटलं नाही, पण ती जागेवर जाऊन बसली. तक्ता मी काढला नाही. मधल्या सुट्टीनंतर त्याच दोन ओळींतून 'वा' काढला, 'र' काढला, आणि मुलांकडून तक्त्यावर शोधून घेतले. सकाळी तुझं, दुपारी माझं. तू याला तडजोड म्हणशील. आहे तडजोड. हेडमास्तरांना तक्ता दिसेल. पुष्पाच्या वडिलांना मी त्यांच्याच पोरीकडून 'वा' वाचून घेऊन दाखवीन, आणि 'क' आला की तोही. एका पोरीनं फोडलं म्हणजे वर्गानं फोडलं असं मी मानत नाही. बाकीची तिच्या मागून म्हणत होती. त्यामुळे तू जिंकलीस असं समजू नकोस.

शाळा सुटायच्या वेळी पुष्पा फळ्यापाशी आली. तुझ्या वर्गात ज्याचं वाक्य त्यानंच संध्याकाळी पुसायचं असतं म्हणे. फडकं तिच्या हातात होतं.

"बाई, पुसू?"

मी त्या दोन ओळी एकदा वाचल्या.

"पूस," मी म्हटलं. "फळा एकच आहे. उद्याचं वाक्य कुठं लिहायचं?"